रुग्णाचं तापमान आणि 'थंड ठेवण्याचे' उपचार: नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी भूलतज्ज्ञ. अर्धा दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये जातो, उरलेला आयसीयूत. थिएटरमध्ये माझी खटपट असते माणूस गार पडू नये म्हणून, आणि आयसीयूत काही वेळा नेमकी उलटी. बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांना हे कोडं वाटतं आणि ते विचारतातही. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

बाबांचे पाय बर्फासारखे गार लागले. आणि सिस्टर म्हणतात ताप आहे. खरं काय?

दोन्ही खरं. मागच्याच महिन्यात एक मुलगा वडिलांच्या तळपायाला हात लावून घाबरून माझ्याकडे आला. मॉनिटरवर आकडा होता ३८.९. ताप चढत असतो तेव्हा शरीर कातडीकडचं रक्त आवळून घेतं, उष्णता आत कोंडून ठेवायला. त्यामुळे हातपाय गार, अंगावर काटा, ओठ पांढुरके, आणि आत भट्टी. शरीराला एक गाभा असतो (मेंदू, हृदय, यकृत) आणि त्याभोवती साल. सालीचं तापमान बरंच खालीवर होत राहतं. उपचार ठरतात ते गाभ्याच्या तापमानावर.

कपाळाला हात लावून ताप ओळखण्यात आईचा हात सहसा चुकत नाही, मान्य. पण ते घरच्या, एरवी धडधाकट पोरासाठी. व्हेंटिलेटरवरच्या, रक्तदाबाची औषधं चालू असलेल्या माणसाच्या पायाला हात लावून काहीच कळत नाही.

नॉर्मल म्हणजे ९८.६ ना? मग तुम्ही ३६, ३७ काय म्हणता?

आपल्याकडे घरात फॅरनहाइट आणि दवाखान्यात सेल्सिअस, असा संसार आहे. ३७ म्हणजे ९८.६. ३८ म्हणजे १००.४. ४० म्हणजे १०४. आणि ३३ म्हणजे ९१.४, हा आकडा पुढे येणार आहे. सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या जवळपास दोन अंशांइतका, त्यामुळे 'एकच डिग्री वाढलाय' हे ऐकून निर्धास्त होऊ नका.

९८.६ हा आकडा रूढ केला लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी, १८६८ मध्ये. सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून. तेव्हाचा थर्मामीटर काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावा लागे, म्हणजे चिकाटी बघा. आजच्या मोजण्यांत सरासरी याहून जराशी कमी येते. शिवाय पहाटे कमी, संध्याकाळी जास्त, हा अर्ध्या अंशाचा फरक निरोगी माणसातही असतो. ३६.५ ते ३७.५ ही ढोबळ हद्द धरा.

काखेत थर्मामीटर लावला की झालं. नळी घालून तापमान कशाला बघायचं?

कोविडच्या दिवसांत मॉलच्या दारात कपाळावर रोखलेली ती बंदूक आठवते? उन्हातून आलेल्याला ताप दाखवायची आणि एसी गाडीतून उतरलेल्याला ३४. ती साल मोजते. काखेतलं मोजमाप त्यापेक्षा बरं, पण गाभ्यापेक्षा कमीच दाखवतं, आणि किती कमी याचा नेम नाही. वॉर्डात ते चालतं. अर्ध्या अंशावर निर्णय फिरणार असेल तिथे नाही.

म्हणून आयसीयूत अन्ननलिकेत बारीक प्रोब (तापमान मोजणारी तार) सोडतात, किंवा लघवीच्या नळीतच सेन्सर असतो. नळी तशीही घातलेली असते, त्यामुळे वेगळा त्रास नाही. फक्त लघवी कमी होत असेल तर मूत्राशयातला आकडा उशिरा बदलतो, म्हणून थंड करताना मला अन्ननलिकेतला प्रोब जास्त भरवशाचा वाटतो.

हृदय बंद पडलं होतं, सीपीआर दिल्यावर सुरू झालं. आता शुद्ध नाही, आणि डॉक्टर म्हणतात तापमान 'सांभाळायचंय'. म्हणजे काय?

हृदय थांबलं की काही मिनिटांत मेंदू उपाशी पडतो. हृदय परत सुरू झालं म्हणजे संकट टळलं असं नाही. रक्त परत आल्यावर पुढचे काही तास, काही दिवस मेंदूत पडझड चालूच राहते: सूज, पेशींमध्ये कॅल्शियम शिरणं, छुपे झटके. या काळात ताप आला तर मेंदूची भूक वाढते, आणि ती भागवायची त्याची ऐपत नसते. तापमान एक अंश उतरलं की शरीराची ऊर्जेची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी होते. थंड करण्यामागचा हिशेब एवढाच.

२००२ मध्ये दोन अभ्यास एकदमच प्रसिद्ध झाले, एक युरोपातला, एक मेलबर्नचा. हृदय थांबून परत सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णांना ३२ ते ३४ अंशांवर ठेवलं, युरोपात २४ तास, मेलबर्नला १२ तास. शुद्धीवर येऊन घरी जाणारे वाढले. मग जगभर लाट आली. आमच्याही आयसीयूच्या फ्रीजमध्ये इन्सुलिनच्या कुप्यांशेजारी सलाइनच्या बाटल्या आडव्या पडलेल्या असायच्या, आणि कॅन्टीनमधून बर्फ आणायला वॉर्डबॉय पळायचा. आम्हाला वाटायचं, जितकं गार तितकं चांगलं.

तसं नव्हतं. २०१३ मध्ये ३३ अंश आणि ३६ अंश अशी तुलना झाली. फरक पडला नाही. २०२१ मध्ये अठराशेहून जास्त रुग्णांवर आणखी मोठा अभ्यास आला: एका गटाला ३३ अंश, दुसऱ्या गटाला नुसता ताप येऊ द्यायचा नाही, ३७.८ ला पोचला तरच थंड करणारं यंत्र लावायचं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतले जवळपास निम्मे गेलेले होते, आणि ३३ च्या गटात हृदयाची लय बिघडण्याचे प्रकार जास्त होते. म्हणून आज बहुतेक ठिकाणी भर आहे तो तापमान सतत मोजण्यावर आणि रुग्ण बेशुद्ध असेपर्यंत, पहिले तीन दिवस तरी, ताप चढू न देण्यावर. ऐकायला हे काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात बहात्तर तास कुणालाही ३७.५ च्या आत धरून ठेवणं हे रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा.

मग आमच्या पेशंटला ३३ वर का ठेवलंय? शेजारच्या बेडला तर नाही.

कारण प्रश्न अजून मिटलेला नाही. फ्रान्समध्ये २०१९ मध्ये एक अभ्यास झाला, ज्यांच्या थांबलेल्या हृदयाला विजेचा शॉक देऊन उपयोग नसतो अशा रुग्णांवर. त्यात ३३ अंशांच्या गटात चांगल्या अवस्थेत वाचलेले १०.२ टक्के होते, ३७ च्या गटात ५.७. दोन्ही आकडे लहानच, पण फरक होता. त्यामुळे काही डॉक्टर निवडक रुग्णांना अजूनही ३३ वर नेतात. त्यात हलगर्जी नाही की प्रयोगही नाही. तुम्ही दोनच गोष्टी विचारा: कोणता आकडा ठरवलाय, आणि किती तास. औषधाचा डोस विचारतो तसं. उत्तर चटकन मिळायला हवं. 'बघू, गार ठेवतोय' हे उत्तर नाही.

थंड नेमकं कसं करतात? बर्फात ठेवतात का?

पैसे असतील तिथे यंत्र असतं. मांड्यांना आणि छातीला जेलचे पॅड चिकटवतात, त्यातून पाणी फिरतं, आणि आतल्या प्रोबचा आकडा बघून यंत्रच ते पाणी गार-कोमट करतं. दुसरा प्रकार म्हणजे जांघेतल्या मोठ्या शिरेत कॅथेटर, ज्याच्या फुग्यांतून गार सलाइन फिरतं. ते रक्तात मिसळत नाही. नसतील पैसे, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ काखेत, मानेशी, जांघेत. ओली चादर आणि पंखा. यानेही तापमान उतरतं. अवघड असतं ते हवं तिथे थांबवणं, कारण बर्फ काढल्यावरही आकडा खाली घसरत राहतो. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, चटका बसतो.

थंड सलाइन अँब्युलन्समध्येच धडाधड सोडायची पद्धत मागे पडली. फुप्फुसात पाणी होणं आणि हृदय पुन्हा थांबणं वाढलेलं दिसलं.

आई थरथरतेय. एसी बंद करा ना, निदान पांघरूण तरी घाला!

हा प्रश्न मला रोज येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत 'तुम्हाला दयामाया आहे की नाही' असं असतं. थरथर थांबवायचीच असते, फक्त पांघरुणाने नाही.

कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करणं. शरीराची ऊर्जेची गरज त्याने दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकते, म्हणजे थंड करून जे वाचवलं ते सगळं एका थरथरीत खर्च. पहिली थरथर डोळ्याला दिसत नाही. सिस्टर जबड्याखाली किंवा छातीवर तळहात ठेवून बसते तेव्हा तिला बारीक गुणगुण लागते, टेबलावर ठेवलेल्या मोबाइलसारखी; ईसीजीची रेघही केसाळ दिसायला लागते. तिथेच पकडायचं.

मग पहिला उपाय काय, तर हातापायांना ऊब. ऐकून हसू येतं, पण मेंदूला थंडीची खबर मोठ्या प्रमाणात कातडीकडून जाते. तळहात-तळपाय उबदार असले की मेंदू फसतो, आणि गाभा ३५ वर असतानाही कुडकुडणं कमी होतं. म्हणून आमच्याकडे छातीवर गार पॅड आणि पायात लोकरीचे मोजे, असा माणूस तुम्हाला दिसेल. एवढ्याने भागलं नाही तर मॅग्नेशियम, पेथिडीन (एक वेदनाशामक), झोपेची औषधं, आणि शेवटी स्नायू शिथिल करणारं औषध. ते शेवटचं मी जपून वापरतो, कारण त्याने झटके आले तरी बाहेर दिसत नाहीत.

यात धोका काय?

आहेत. नाडी मंदावते, लघवी जास्त होते, पोटॅशियम उतरतं, साखर चढते, रक्त गोठायला वेळ लागतो, न्यूमोनियाची शक्यता वाढते. औषधं शरीरातून निघायला उशीर लागतो. म्हणूनच दर काही तासांनी रक्त तपासतात. 'किती वेळा रक्त काढता' ही तक्रार मी समजू शकतो, पण हे टाळता येत नाही.

परत गरम कधी करणार? आणि शुद्धीवर कधी येतील?

गरम करणं हे थंड करण्याहून नाजूक काम आहे. तासाला पाव ते अर्धा अंश, त्याहून जलद नाही. पाव अंशाने ३३ वरून ३७ ला यायला सोळा तास लागतात, अख्खी रात्र आणि वर सकाळचा राउंड. घाई केली तर रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन रक्तदाब कोसळतो, आणि आत गेलेलं पोटॅशियम एकदम बाहेर येतं. गरम झाल्यावर ताप उसळतो, त्यामुळे पॅड लगेच काढत नाहीत.

शुद्धीचं विचाराल तर पहिल्या दिवशी कुणी 'काही उरलं नाही' म्हणत असेल तर त्याला थांबवा. तापमान नॉर्मलला आल्यावर, झोपेच्या औषधांचा अंमल उतरल्यावर, बहात्तर तासांच्या आधी याचा निकाल द्यायचा नाही, असा नियम आहे. तोही एका तपासणीवर नाही. डोळ्यांची बाहुली, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), स्कॅन असं सगळं मिळून. चौथ्या दिवशी विचारा.

बाळ जन्मल्यावर रडलं नाही. आता त्याला थंड ठेवायचं म्हणताहेत. एवढ्याशा जिवाला?

इथे मी माझ्या कुंपणाबाहेर जातोय, पण प्रश्न इतक्या वेळा येतो की बालरोगतज्ज्ञ मित्रांकडून नीट समजून घेतला.

प्रसूतीत प्राणवायू कमी पडला की बाळाच्या मेंदूला दोन फटके बसतात. पहिला तेव्हाच. मग काही तास पेशी सावरल्यासारख्या दिसतात, आणि नंतर दुसरी लाट येते. त्या मधल्या फटीत, जन्मापासून सहा तासांच्या आत, बाळाला ३३.५ अंशांवर न्यायचं, बहात्तर तास ठेवायचं, मग हळूहळू गरम करायचं. २००५ पासूनच्या अभ्यासांत, जे बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत, साधारण सात बाळांना थंड केलं की एकाचा मृत्यू किंवा मोठं अपंगत्व टळलं. वैद्यकात हा हिशेब फार चांगला मानतात. पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांच्या बाळांसाठीच हे आहे. कमी दिवसांच्या बाळाला थंडी मारते.

भारतात यंत्राची किंमत हा अडथळा होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहभागातून 'मिराक्रेडल' नावाचा पाळणा तयार झाला. त्यात ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या गाद्या असतात. थंडीत थिजलेलं तूप वितळताना वाटीतली ऊब शोषून घेतं, तसं तो पदार्थ बाळाची उष्णता शोषतो, आणि विजेवर सतत अवलंबून राहावं लागत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात सरकारी रुग्णालयांत ४०८ बाळांवर अभ्यास झाला. त्यात मुंबईचं सायन रुग्णालयही होतं. २०२१ मध्ये निकाल आला. थंड केल्याने फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३१ टक्के. का? एक तर्क असा की इथल्या अनेक बाळांच्या मेंदूला इजा प्रसूतीच्या कळांआधीच, गर्भातच सुरू झालेली असते, मग सहा तासांची ती फट उरतच नाही. काही डॉक्टर म्हणतात, व्हेंटिलेटर, ईईजी आणि पुरेसे हात असलेल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) तोच उपचार वेगळा वागतो. त्यामुळे आज एका शहरात दोन रुग्णालयं दोन उत्तरं देतील. माझं मत विचाराल तर पाळण्यापेक्षा त्याभोवती रात्री किती माणसं जागी असतात ते बघा.

आणि एक: कुणी 'थंड करतात म्हणे' ऐकून गाडीत बाळाचं दुपटं काढू नये. तुमच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं नसेल तर नवजात बाळाला ऊबच द्यायची.

साधं ऑपरेशन होतं, बाहेर आणल्यावर दात वाजत होते. काही चुकलं का?

बहुधा नाही, पण टाळता आलं असतं. भूल दिली की कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतात, गाभ्यातलं गरम रक्त हातापायांकडे पसरतं, आणि पहिल्या तासाभरातच गाभा एक-दीड अंशाने उतरतो. वर थिएटरचा एसी, उघडं पोट, गार सलाइन.

एक माझी चूक सांगतो. नोकरीची पहिली दोन वर्षं होती, डिसेंबर, आणि सत्तरीच्या एका आजोबांचं दुर्बिणीने प्रोस्टेटचं ऑपरेशन. कमरेत भूल दिलेली, आजोबा गप्पा मारताहेत, त्यामुळे तापमानाचा प्रोब लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आतून धुवायला बाटल्यांमागून बाटल्या जात होत्या, खोलीच्या तापमानाच्या, म्हणजे डिसेंबरात चांगल्याच गार. मध्येच आजोबा बोलायचे थांबले. मला वाटलं डुलकी लागली. बाहेर घेतल्यावर मोजलं तर ३४.६. नंतर दोन तास ते थरथरत होते, छातीत दुखायला लागलं, ईसीजी काढावा लागला. निभावलं. त्या दिवसापासून धुवायचं पाणी कोमट केल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

हे नुसतं थंडी वाजण्याचं प्रकरण नाही. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या २०० रुग्णांवरच्या अभ्यासात गार पडलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या जखमा चिघळल्या, उबदार ठेवलेल्यांत ६ टक्के. गरम हवेचं ब्लँकेट ऑपरेशनआधीच थोडा वेळ लावलं तर उत्तम. मोठं ऑपरेशन असेल तर 'गरम हवेचं ब्लँकेट आहे का' हे भूलतज्ज्ञाला जरूर विचारा. रागावणार नाही, रागावला तर कळेलच काय ते.

उन्हाने चक्कर येऊन पडलेत, अंग भाजतंय. क्रोसिन दिली. अजून काय?

क्रोसिनचा उपयोग नाही. जंतुसंसर्गात मेंदूच तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो, पॅरासिटामॉल ती खाली आणतं. उष्माघातात पातळी जागेवरच असते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही एवढंच. गाभा ४० च्या वर आणि माणूस बरळतोय, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपलीय, तर तो उष्माघात, आणि अर्ध्या तासात तापमान ३९ च्या आसपास आणायचं असतं. तेव्हा आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन करून सावलीत न्या, कपडे काढा, नळी किंवा बादलीने पाणी ओता, पंखा लावा, पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत. पाण्याने भरलेलं टाकं, हौद जवळ असेल तर डोकं वर धरून सरळ त्यात बसवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात सरबत ओतू नका. खिशातल्या कांद्याने काही होत नाही.

आणि हे फक्त नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांचं दुखणं नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात माणसं उष्माघाताने गेली, तिथे पारा विदर्भाइतका चढलेला नव्हता. दमट हवेत घाम येतो, पण सुकत नाही. आणि न सुकलेला घाम गारवा देत नाही.

मग ताप आला की उतरवायलाच हवा का?

नाही. न्यूमोनिया, मलेरियाच्या तापात शरीर लढत असतं. त्रास होत असेल तर पॅरासिटामॉल, नाहीतर ३८.३ बघून झोपमोड करू नका. मेंदूला इजा झालेल्याचं गणित वेगळं, ते वर आलंच. कोलन वॉटरच्या पट्ट्या लहान मुलाला नकोत, साध्या पाण्याच्या चालतील.

माणूस किती थंड होऊन वाचू शकतो?

१९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना एक तरुण डॉक्टर, अ‍ॅना बोगेनहोल्म, ओढ्याच्या बर्फाखाली अडकली, ऐंशी मिनिटं. रुग्णालयात आणली तेव्हा तापमान १३.७, हृदय थांबलेलं. रक्त यंत्रातून फिरवून हळूहळू गरम केलं, आणि ती पुढे त्याच रुग्णालयात कामाला लागली. म्हणून गारठून निपचित पडलेल्याला गरम केल्याशिवाय मृत म्हणत नाहीत. पण तिचा मेंदू आधी थंड झाला, हृदय नंतर थांबलं. तुमच्या बाबांच्या बाबतीत क्रम उलटा आहे, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरची ती गोष्ट मला दाखवू नका.

भेटायला आत गेल्यावर आम्ही काय करू शकतो?

बोला त्यांच्याशी. हात धरा. पांघरूण वर ओढू नका, पायाला व्हिक्स किंवा तेल चोळू नका, पॅडची नळी मुडपली जाईल असं टेकू नका. मनगटातलं धातूचं कडं, घट्ट बांधलेला गंडा घरी न्या. गार कातडीवर त्यांचे वळ उठतात आणि रुग्णाला कळत नाही. आणि मोजे आणा, लोकरीचे, सैल, दोन जोड. आत पेनाने नाव लिहा, धुवायला गेले की हरवतात.